आधी धुवायचं, मग बघायचं

पहिल्याच वर्षी आम्ही एका गाडीचा गिअरबॉक्स विनाकारण उतरवला. तेव्हा गॅरेजमध्ये मी आणि माझा भागीदार, दोघंच. लिफ्ट नव्हती, खड्ड्यात उतरून काम चालायचं. ग्राहकाची तक्रार साधी होती: सिग्नलला थांबलं की गाडीत ऑइल जळाल्याचा वास येतो, गाडी चालती असली की येत नाही. खालून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइल. दोघंही एकदमच म्हणालो, क्रँकचं मागचं सील गेलं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारी रबरी कडी. दीड दिवस घालवून गिअरबॉक्स खाली घेतला, सील बदललं, सगळं परत चढवलं. चौथ्या दिवशी गाडी दारात. वास तोच.

काढलेलं सील चांगलं ठणठणीत होतं. गळत होतं ते वरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. तिथे हात जेमतेम शिरतो, नजर तर पोहोचतच नाही. ऑइल इंजिनच्या मागून ओघळत बेलहाउसिंगवर, म्हणजे त्याच सांध्याच्या कवचावर, येत होतं आणि वाटेत एखादा थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडत होता. बदलायला हवं होतं फक्त रबराचं एक पॅकिंग. ते आम्ही फुकट बदलून दिलं आणि आधी घेतलेले पैसेही परत केले. भागीदार दोन दिवस बोलला नाही. माझ्यावर चिडला होता की स्वतःवर, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर एकच नियम केला. आधी धुवायचं, मग बघायचं. डीग्रीझर मारून इंजिन साफ करायचं, वाळवायचं, पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवायची आणि मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली शोधत यायचं. ऑइल खालीच ओघळतं, पंख्याच्या आणि समोरच्या वाऱ्याने मागेही पसरतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा सापडली की बहुतेक वेळा चोर तिथेच असतो. तरीही नाही सापडलं तर ऑइलमध्ये चमकणारा रंग (डाय) टाकून अल्ट्राव्हायलेट दिवा मारायचा, गळती पिवळट हिरवी चमकते. सुरुवातीला ग्राहक वैतागायचे. ‘आज नुसतं धुतलंत? मग काम काय केलंत?’ त्यांना ते सील दाखवायचो.

वासाचं गणितही हळूहळू कळत गेलं. मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो आणि इंजिन ऑइल साधारण २०० अंशांच्या पुढे चांगलंच वाफाळायला लागतं. एवढासा थेंबही नाकाला पुरतो. डिपस्टिकवर पातळी तशीच दिसते, जमिनीवर डागही नसतो. थांबल्यावरच वास का? तर गाडीत बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बोनेटच्या अगदी मागे असते. चालत्या गाडीत वारा वाफ उडवून नेतो, थांबलं की ती सरळ आत. म्हणून आम्ही फोनवरच विचारतो, एसीला आतली हवा फिरवायचं बटण दाबल्यावर वास कमी होतो का? हो म्हणाले तर गळती बोनेटखाली असायची शक्यता मोठी. दुसरा प्रश्न, ऑइल बदलून किती दिवस झाले? फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल पुसलं नाही तर ते काही दिवस जळत राहतं, त्यात बिघाड काहीच नसतो. मात्र बोनेटमधून धूर दिसला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर प्रश्न नाहीत. इंजिन बंद करा आणि गाडी टो करून आणा.

लोक ज्याला ऑइलचा वास म्हणतात ते पुष्कळदा ऑइल नसतंच. क्लच घासला की जळक्या कागदासारखा वास येतो, कूलंट गळला की गोडसर. एकदा तर सायलेन्सरला चिकटून वितळलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते तीनदा आलेल्या एका पेट्रोल गाडीने. टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं, दोन्ही वेळा दोन महिन्यांत ओलं. तिसऱ्या वेळी इंजिन जागेवरच मंद चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवला. तो हलकासा आत ओढला जायला हवा होता, इथे उडून पडला. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी झडप, काजळीने तुंबला होता. आतला दाब बाहेर पडायला वाट नव्हती, मग तो पॅकिंगमधून वाट काढत होता. आता व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय पॅकिंगला हात लावत नाही.

पहिली लिफ्ट घेतली त्याच महिन्यात छोटा टॉर्क रेंचही घेतला, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना. माझ्या मते कमाई त्या रेंचने जास्त केली. कव्हरचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात. गळतंय म्हणून जोर लावला की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. नवीन पोराच्या हातात मी जुनं पॅकिंग देतो आणि वाकव म्हणतो. ते रबर राहिलेलं नसतं, कट् करून मोडतं. असलं पॅकिंग कितीही आवळा, काय होणार? निळा धूर सायलेन्सरमधून येत असेल तर मात्र हे सगळं बाजूला. ऑइल आत जळतंय. सिलिंडरमधला दाब मोजून (कॉम्प्रेशन टेस्ट) पिस्टनच्या रिंगा की व्हॉल्व्हची सीलं ते बघतो, आणि खर्चाचा आकडा काम सुरू करण्याआधी सांगतो.

आज दोन लिफ्ट आहेत, सहा माणसं आहेत, तपासणीचे पैसे वेगळे लावतो. गिअरबॉक्सवाला ग्राहक अजून येतो. गेल्या महिन्यात पुन्हा वास म्हणून आला, पण यावेळी गाडी धक्के खातच आली. आमचा नियम त्याला पाठ होता, म्हणून इंजिन त्याने घरीच प्रेशर पंपाने धुऊन आणलं होतं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत पाणी भरलेलं. भागीदाराने कॉइल काढल्या, मी हवेचा पाइप आणला, आणि वासाचं राहू दे म्हणत दोघं पाणी काढायला बसलो.