मामांची एक चप्पल

श्रावणातल्या एका संध्याकाळी निपाणीचे मामा एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरा पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. मामी उंबऱ्यातूनच ओरडली, "ओ, दुसरी कुठं हाय?" मामांनी खाली बघितलं आणि तेव्हा कुठं त्यांना कळलं. आम्ही पोट धरून हसलो. भरताला तरी दोन मिळाल्या होत्या, असं मीही म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी चप्पल सापडली ती चुरमुऱ्याच्या गाडीपाशी. तिथून घर चांगलं दोन फर्लांग. मधे खडी टाकलेला रस्ता.

हसणं थांबलं ते बेळगावच्या डॉक्टरांपुढं. मामांना साखर बारा वर्षांपासून. पथ्य म्हणाल तर कुंदा आता अर्धाच खातात. डॉक्टरांनी रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवली आणि आधी चपलेचीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग एक नायलॉनचा तंतू काढला. बारीक, मासे धरायच्या दोरीसारखा. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. "डोळे मिटा, पायाला लागलं की हो म्हणा." अंगठा झाला, करंगळीखालचा भाग झाला, चवडा झाला. तंतू दरवेळी टेकून वाकत होता, मला दिसत होतं. मामा डोळे मिटून शांत. थोड्या वेळानं म्हणाले, "सुरू करा की डॉक्टर."

खोलीत कुणी बोललं नाही.

साखर नसा खराब करते, पण त्यातही सगळ्यात लांब असतात त्या नसांना आधी धरते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. घटप्रभेच्या कालव्यात काही बिघडलं तर पहिली बोंब टेलच्या, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या, शेतातून येते. रक्ताच्या दृष्टीनंही पाऊल म्हणजे टेलच. निपाणीत तंबाखूच्या वासात वाढलेल्या माणसाला डॉक्टर पुढचा प्रश्न काय विचारणार, तेही ठरलेलं. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की उतरतात, पुन्हा चाललं की पुन्हा तेच, असं होतं का? मामा त्याला वय म्हणत होते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की नेमकं असंच होतं, आणि तंबाखू तेच काम करते. डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधली. नाडी मनगटाला असते एवढंच मला माहीत. पावलालाही असते, हे चाळिशीत कळलं.

मामी नुसती सोबत म्हणून आलेली. पण तिचेही घोटे सुजलेले होते, ते नर्सबाईंनी हेरलं. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "कालु नोव ऐतेन्री?" म्हणजे पाय दुखतो का. मामीचं माहेर चंदगड, सासर निपाणी, कन्नडशी संबंध आठवडी बाजारापुरता. ती ठणकावून म्हणाली, "काल नव्हतं, आज हाय."

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर कणकेत बोट रुतावं तसा खळगा, आणि तो भरून यायला वेळ लागला. एकाच पायाला अचानक सूज आली तर रक्ताची गाठ बघायची, दोन्ही पायांना असेल तर हृदय, किडनी, लिव्हर. तपासण्या झाल्या, सगळं ठीक. चोर निघाली बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन. तिनं काहींचे घोटे सुजतात. डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांत मामीची जोडवी सैल झाली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो आपण. तिथं बघतो, मग लग्नात नवरदेवाचे धुतो, आणि नंतर पायांकडं बघायचं कारणच उरत नाही. भेगा पडल्या की कोकमाचं तेल, पावसात चिखल्या झाल्या की हळद. तळपायाची आग मस्तकात गेली असं रागावलेल्या माणसाबद्दल म्हणतो, पण ज्याच्या तळपायाची रात्री खरोखर आग होते त्याला बी-12 तपासून घे असं कोण म्हणतं? माझ्या शेजाऱ्यांनी वर्षभर काशाची वाटी घासली. नुसता अंगठा रात्रीत लाल होऊन ठणकला, पांघरुणाचा स्पर्शही नको झाला, तर तो युरिक अ‍ॅसिडचा कारभार असू शकतो. तो आमच्याकडं "मुरगळला असंल" या एका वाक्यात निकालात निघतो.

मामांना सगळ्यात लागलं ते चपलेचं. कोल्हापुरी बंद. आता नाव कोल्हापूरचं असलं तरी ती आमचीही आहे. तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्या आठ जिल्ह्यांत बेळगाव आहे, आणि अथणी-निपाणीच्या कारागिरांचे हात तिला लागलेले आहेत. मामांची करकरणारी, तेल पाजलेली. ते गल्लीत शिरले की मामी चहाचं आधण ठेवायची. त्याजागी आली मऊ रबराच्या तळाची, मागं पट्टा असलेली, काळी, मुकी. "अगदी दवाखाना घातल्यागत वाटतंय," मामा म्हणाले. अनवाणी चालणंही बंद. मग सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मापुढं काय चप्पल घालून उभा राहू व्हय, यावर आठवडाभर वाद झाला. तापलेल्या फरशीनं फोड येतील आणि त्यांना कळणारही नाही, हे पटायला वेळ लागला. शेवटी पहाटेच्या दर्शनावर तडजोड झाली.

आता रोज रात्री जेवणानंतर दाढीचा आरसा जमिनीवर येतो. मामा भिंतीला टेकून त्याच्यावर पाऊल धरतात. पण चष्मा लावून वाकलं की पाऊल हलतं आणि पाऊल धरलं की चष्मा घसरतो, म्हणून मामीच पाय मांडीवर ओढून घेते. बोटांच्या बेचक्यांतून बघते, टाच बघते. परवा बघता बघता थांबली.

"ओ, तुमच्या डाव्या तळव्याला तीळ हाय की."

"मग?"

"चाळीस वर्षं मी म्हणायलोय, ह्या माणसाचा पाय घरात का ठरत नाही."