एका रात्रीची परवानगी

गेली सहा वर्षं साताऱ्यात दर रविवारी सकाळी मी मुलींचं गाईड पथक घेते. नोकरी पतसंस्थेत, हे काम बिनपगारी. बावीस मुली, तीन गट: मोगरा, गुलाब, सूर्यफूल. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, सगळं सुरळीत चालतं. पण डिसेंबरच्या शिबिराची संमतीपत्रं वाटली की माझी खरी धावपळ सुरू होते. ओळखीचे एक सर मुलांचं स्काऊट पथक घेतात, त्यांचे कागद दोन दिवसांत सह्या होऊन येतात. माझे महिनाभर येत राहतात. सगळं अडतं ते मुक्कामाच्या एका रात्रीपाशी.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं कागद दिलाच नाही. "बाबा नको म्हणाले," एवढंच. संध्याकाळी सातला तिच्या घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती, वडील नुकतेच कामावरून आलेले. मुली झोपणार कुठं? दाराला आतून कडी आहे का? रात्री बाथरूमला जायचं झालं तर? या प्रश्नांचा मला कधीच राग येत नाही. पोरीची काळजी असणारा बाप हेच विचारणार. मी सांगितलं, यवतेश्वरच्या वाटेवरच्या शाळेतल्या दोन खोल्या आहेत, कडी आतून आहे, आम्ही दोघी बायका दाराशीच अंथरूण टाकतो, रात्री कुणीही उठली तरी एकटी जात नाही. पुण्यातल्या 'संगम'बद्दलही बोलले. जागतिक गाईड संघटनेचं ते केंद्र १९६६ पासून आहे, परदेशातल्या मुली समुद्र ओलांडून तिथं राहायला येतात.

तेवढ्यात आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तिची तारीख त्याच दिवसांत येतीय."

वडील उठून बाहेर गेले. मी पाट ओढून तिच्याजवळ बसले. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड असतात, गरम पाण्याची पिशवी असते, पोट दुखलं तर पडायला जागा असते, हे सांगितलं.

"आणि स्वयंपाकाची पाळी असली तर? शिवलेलं चालतं तुमच्यात?"

"चालतं ताई. आमच्याकडं कुणी बाजूला बसत नाही."

तिनं भाकरी उलटली. बोलली काहीच नाही. त्या दिवशी सही झाली नाही, आणखी दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा स्काऊट मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता तिथं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हालाही यातलं काहीतरी हवं, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते आणि सांगताना दर वेळी माझाच गळा दाटतो.

शिबिराच्या रात्री पठारावरून वारा सुटला. दहाच्या सुमाराला चुलीवरची ताडपत्री फडफडायला लागली, एक दोर सुटलाच. मी टॉर्च घेऊन धावले तर ही मुलगी आधीच खांबापाशी. कानाला ओढणी घट्ट बांधलेली, हात गारठलेले. दोर खांबाभोवती फिरवला, पहिल्या वेढ्यावरून तिरका घेतला, दुसरा वेढा घातला आणि टोक त्या तिरक्या दोराखालून ओढून घेतलं. मग मागं रेलून सगळं वजन टाकून बघितलं. रविवारी ही गाठ तिला तीनदा चुकली होती. "ताई, उजेड जरा खाली धरा," म्हणाली. मी धरला.

यंदाचे कागद गेल्या आठवड्यात वाटले. पहिला तिचाच आला, सही आईची. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय: शेजारच्या दोघींच्या घरी मी बोलले आहे, तुम्ही गुरुवारी सातनंतर या, तेव्हा त्यांचे वडील घरी असतात.