यंत्राला रविवार असतो का?

जर्मनीतल्या आमच्या फुल्डा शहरात एक दुकान आहे, ज्याच्यावरून चक्क कोर्टकचेरी झाली. दुकान म्हणजे काय, तर लाकडी पट्ट्यांची गोलसर केबिन आणि छपरावर हिरवळ. आत दूध, अंडी, पास्ता, टोमॅटो, चॉकलेट, टूथपेस्ट. दारावर बँकेचं कार्ड टेकवायचं, आत जायचं, वस्तू आपणच स्कॅन करायच्या, पैसे भरायचे आणि निघायचं. गल्ल्यावर माणूस नाही. 'तेओ' नावाची ही दुकानं इथल्याच तेगूट कंपनीने २०२० पासून उघडली. माणूसच नसल्यामुळे ती रात्रंदिवस आणि आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवता येतात, हीच त्यांची खुबी. भांडण झालं ते सातव्या दिवसावरून.

जर्मनीतला रविवार घरच्या लोकांना समजावून सांगणं कठीण जातं. आईला अजूनही खरं वाटत नाही की रविवारी इथे साधी कोथिंबीर मिळत नाही. आपल्याकडे रविवार म्हणजे मटणाच्या दुकानापुढची रांग आणि मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. इथे सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, हार्डवेअर, सगळ्यांना कुलूप. बेकरी काही तास उघडी असते. पेट्रोल पंप आणि स्टेशनवरची दुकानं चालू असतात, कारण प्रवाशाची अडचण कायद्याने मान्य केली आहे. भिंतीत ड्रिल मारायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. टाकीवर तशी पाटीच असते.

ही नुसती चालीरीत असती तर कधीच मोडली असती. ती घटनेत आहे. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित राहील, असं १९१९च्या वायमार घटनेच्या १३९व्या कलमात लिहिलं होतं. १९४९ साली नवी घटना झाली, तेव्हा १४०व्या कलमाने ते वाक्य जसंच्या तसं उचलून घेतलं. बर्लिन राज्याने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली, तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही दोन्ही चर्चेस घटना न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ रोजी जिंकली. दुकानदाराला धंदा करायचाय आणि गिऱ्हाइकाला खरेदी करायचीय, एवढ्या कारणाने रविवार मोडता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मनाच्या उन्नतीची हमी देणारी राज्यघटना मला तरी दुसरी माहीत नाही.

मुळात ही भानगड बायबलच्या दहा आज्ञांमधल्या एका आज्ञेची. कॅथलिक आणि लूथरपंथीय तिला तिसरी म्हणतात, बाकीचे बरेच जण चौथी. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब. हा विसाव्याचा दिवस म्हणजे शब्बाथ, तो मुळात शनिवारचा. ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. त्यातही शेतकऱ्यांना सूट होती, पेरणीचा वाफसा काही रविवार बघून येत नाही! पण मला रस आहे तो आज्ञेच्या तपशिलात. ती बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. 'निर्गम' या पुस्तकात कारण असं की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात देवाच्या विसाव्याचं नाव नाही. तिथे म्हटलंय, तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून थांब आणि इतरांनाही थांबू दे. पुढे यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा.

ही यादी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला ती श्रद्धेपेक्षा कामगार कायद्यासारखीच वाटली. आपला पोळा तरी वर्षातून एकदाच येतो. इथे बैलाला दर आठवड्याला सुट्टी. प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर, त्यानेही १५२९च्या 'मोठी प्रश्नोत्तरी' या आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात जवळजवळ हेच म्हटलंय. वार कुठला याचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं. आठवडाभर राबलेल्या गड्यांना आणि मोलकरणींना अंग टाकायला एक दिवस हवा, हे निसर्गच शिकवतो, असं तो लिहितो, आणि मग त्या दिवशी सगळ्यांनी जमून देवाचं वचन ऐकावं. खुद्द येशूचं वाक्य मार्कच्या शुभवर्तमानात आहे: शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे.

पण एवढ्यावर थांबलं तर रविवार म्हणजे नुसती साप्ताहिक सुट्टी, बॅटरी चार्ज करायचा दिवस. योझेफ पीपर या जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञाने १९४८ साली याच समजुतीला हात घातला. देश मलब्यात पडलेला, जो तो विटा उचलतोय, आणि हा गृहस्थ निवांतपणावर लिहितोय! सोमवारी जोमाने काम करता यावं म्हणून घेतलेली विश्रांती ही कामाचाच भाग झाली, खरा निवांतपणा कशासाठीच नसतो आणि त्याचं मूळ उपासनेत असतं, असं त्याचं म्हणणं. रविवारी दुपारी फुल्डा नदीकाठी फिरताना मला त्याचं पटतं. कुणी कुठे चाललेलं नसतं. म्हातारी जोडपी, सायकलवरची पोरं, आइसक्रीमपुढची रांग, आणि लांबून डोमची, म्हणजे इथल्या मुख्य चर्चची घंटा.

त्या डोममध्ये संत बोनिफेसची कबर आहे. आठव्या शतकात जर्मन टोळ्यांमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणारा हा इंग्रज भिक्षू. इथला मठ त्याच्या सांगण्यावरून ७४४ साली उभा राहिला. जर्मनीतले कॅथलिक बिशप दर शरदात इथेच बैठकीला जमतात. असं हे गाव, आणि तरी चर्चमधली बाकं बरीचशी रिकामी. देशातही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सभासद मिळून आता निम्म्याहून कमी आहेत. माझा ऑफिसातला एक सहकारी बाहेर पडलेल्यांतलाच. आमच्या हेसेन राज्यात आयकराच्या ९ टक्के चर्चकर कापला जातो. तो वाचवायला त्याने रीतसर चर्च सोडलं. देव मानत नाही. पण दुकानाचा विषय निघाला तर असा उसळला, जणू मी त्याच्या घरात घुसले होते. "सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असते म्हणून फुटबॉल होतं, म्हणून मी आईकडे जेवायला जातो. ज्याला त्याला वेगळा वार दिलात की संपलं." मी म्हटलं, मग चर्चने तुझं कामच केलं की. तो हसला आणि कॉफी आणायला गेला.

याच्याच जोडीने मला मुंबई आठवते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज आणि सभा करत राहिले. मालक बधेनात. गोऱ्या साहेबाला चर्चसाठी रविवार होताच. लोखंड्यांनी मांडलेला एक मुद्दा मला फार आवडतो: रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगारांना तो हवा. १० जून १८९० रोजी सुट्टी मंजूर झाली. म्हणजे आपला रविवार अर्धा येशूचा आणि अर्धा मल्हारी मार्तंडाचा. थकलेल्या माणसाला थांबू द्या, एवढं पुरेसं कारण असायला हवं होतं. पण नफ्यापुढे ते एकट्याने टिकत नाही. शेजारी कुणीतरी देव उभा करावा लागतो. हे जेजुरीच्या देवाचंही खरं आणि बोनिफेसच्याही.

आता परत तेओकडे. दुकानात माणूसच नाही, मग विश्रांती कुणाची मोडते? हा युक्तिवाद सरळ दिसतो. वेर्डी ही कामगार संघटना मात्र रविवारच्या बाजूने ठाम राहिली. कासेलच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की माणूस असो-नसो, दुकान ते दुकानच, रविवारी बंद. मग हेसेनच्या विधानसभेने २०२४ मध्ये कायदाच बदलला आणि अशा छोट्या बिनमाणसी दुकानांना रविवार खुला केला. लोखंड्यांच्या काळी माणसाला सुट्टी द्यायची तर यंत्र थांबवावं लागायचं. आज यंत्र एकटं चालतं, आणि आज्ञेच्या यादीत बैल आहे, गाढव आहे, पण स्कॅनर नाही. मी या नव्या कायद्याच्या बाजूने नाही. रविवारी दूध संपलं म्हणून शेजारणीचं दार वाजवण्यातच माझी निम्मी जर्मन भाषा झाली. तेओत कुणाशी बोलणार?

अर्थात हे सगळं गोडवे गाणं आज्ञेच्या त्याच यादीपाशी अडतं, तिच्या शेवटच्या शब्दापाशी: उपरा. रविवारी इथे हॉटेलं चालू असतात आणि घरपोच जेवण मागवता येतं. ते घेऊन येणारी पोरं बघितलीत तर पुष्कळदा आपलीच. पंजाबची, तेलंगणाची, आपल्या सांगली-लातूरची. आठवडाभर मास्टर्सचे तास, शनिवार-रविवार सायकल. रविवारी काम करणाऱ्यांनाही वर्षात निदान १५ रविवार मोकळे द्यावेत असा नियम आहे, पण जो स्वतःहूनच रविवार मागून घेतो त्याला त्या नियमाचं काय? अशाच एका मुलाने आमच्याकडे पिझ्झा आणला. नावावरून ओळखलं आणि मराठीत विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा खुलला. पाणी दिलं. म्हटलं, "अरे, इथे रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, आणि तू पावसात फिरतोयस."

"ताई, रविवारीच तर ऑर्डरी असतात," तो म्हणाला. "सगळे घरी असतात ना."