अरुंद भिंत आणि दीपस्तंभाचं चित्र

घर लहान असो की मोठं, एक तरी भिंत अशी निघतेच की जिचं काय करावं ते कुणालाच कळत नाही. दोन दारांच्या चौकटींमध्ये उरलेली, किंवा खिडकी आणि कोपऱ्याच्या मधली, नाहीतर पॅसेजच्या पार टोकाची, रुंदी जेमतेम दीड-दोन फूट आणि उंची मात्र थेट छतापर्यंत. कपाट बसत नाही, टेबल लागत नाही, मग एक तर ती कोरीच राहते नाहीतर तिथे हळूहळू किल्ल्यांचे हूक, राउटर, कसलेतरी चार्जर असं सगळं जमा होत जातं. मला मात्र घरातली सगळ्यात भाग्यवान भिंत हीच वाटते, कारण इथे गर्दी करायला जागाच नाही, एकच चित्र लावायचं आणि येता-जाता सगळ्यांनी त्याच्यासमोरूनच जायचं. आणि ते चित्र दीपस्तंभाचं असावं, जरा गमतीशीर, कॅनव्हासवर छापलेलं, हे माझं ठाम मत आहे आणि ते का ते आज सविस्तर लिहिते.

अशा भिंतीवर आडवं चित्र लावलं की ते कोंडल्यासारखं दिसतं, चौकोनी लावलं तर वर-खाली एवढी रिकामी भिंत उरते की चित्र मध्येच लटकल्यासारखं वाटतं. इथे उंच आणि चिंचोळंच चित्र हवं, पण नुसतं उंच कापलेलं नाही, तर आतला विषयच मुळात उंच असलेलं. फुलांचं किंवा डोंगराचं चित्र अशा आकारात कापलं की बाजूचं काहीतरी गेलंय हे डोळ्याला लगेच कळतं. दीपस्तंभाचं तसं होत नाही, कारण तो उंच आहे तो कामासाठीच. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर दिवा किती लांबून दिसणार हे त्याच्या उंचीवर ठरतं, ३० मीटरवरून क्षितिज साधारण २० किलोमीटरवर असतं आणि ६० मीटरवर गेलात तर २८ च्या आसपास. म्हणजे चिंचोळ्या कॅनव्हासवर त्याला ताणावं लागत नाही की कापावं लागत नाही, खाली खडक, वर आकाश, मध्ये तो, झालं चित्र पूर्ण.

आणि चिंचोळ्या जागेसाठी मुद्दाम चिंचोळं चित्र काढायचं ही कल्पना काही आजची नाही बरं का. जपानमध्ये अठराव्या शतकात हाशिरा-ए नावाचा छापचित्रांचा प्रकार होता, घरातल्या लाकडी खांबावर लावायची चित्रं, साधारण ७३ सेंटिमीटर उंच आणि रुंदीला फक्त १२-१३ सेंटिमीटर! इसोदा कोर्युसाई हा त्यातला मोठा चित्रकार. एवढ्याशा पट्टीत ही मंडळी अख्खा माणूस बसवायची, कधी तो दाराआडून अर्धाच दिसतोय, कधी वर झाडाची फांदी आणि खाली कुणीतरी मान वर करून बघतंय, म्हणजे नजर खालून वर चढत जाईल अशी रचना. दीपस्तंभाचं चित्र निवडताना मी अगदी हेच बघते, नजर चढते का? पायथ्याशी काहीतरी हवं, होडी, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, मग मधल्या अंगावर एखादी छोटी खिडकी, आणि वर गॅलरी आणि दिवा. मधला भाग नुसताच सपाट पांढरा असेल तर नजर खालून एकदम वर उडी मारते आणि चित्र दोन सेकंदात संपतं.

आता गमतीशीर म्हणजे काय, कारण इथेच बरीच चित्रं फसतात. दीपस्तंभाला डोळे आणि हसरं तोंड काढलं की झालं असं नाही ना. मला जी चित्रं वर्षानुवर्षं बघावीशी वाटतात त्यांच्यात गंमत असते पण चित्रकाराला दीपस्तंभाबद्दल काहीतरी खरं माहीत आहे हेही दिसत असतं. पट्ट्यांचंच घ्या. ते रंगीत पट्टे शोभेचे नाहीत, ती दिवसाची ओळख आहे, रात्री प्रत्येक दीपस्तंभ आपल्या लुकलुकण्याच्या ठेक्यावरून ओळखू येतो आणि दिवसा रंगावरून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर विटांचे उंच मनोरे लांबून सारखेच दिसायचे म्हणून १८७३ मध्ये केप हॅटरसला काळे-पांढरे वळसे दिले आणि केप लुकआउटला काळे-पांढरे हिरे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन, काढले, आणि त्या हिऱ्यांतही हिशोब आहे, काळे हिरे उत्तर-दक्षिणेला तोंड करून, पांढरे पूर्व-पश्चिमेला, म्हणजे जहाजावरून कुठला रंग समोर दिसतो त्यावरून आपण कुठल्या बाजूला आहोत त्याचा अंदाज यायचा. बर्फाळ, धुक्याच्या किनाऱ्यांवर लाल-पांढरे आडवे पट्टे, कारण पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? एवढं कळल्यावर एखाद्या चित्रकाराने दीपस्तंभाला पट्ट्यांचा स्वेटर घातला तर तो स्वेटर मला पटतो, मनापासून आवडतो.

तसंच त्या वाकड्या, बुडाशी फुगलेल्या दीपस्तंभांचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एडिस्टोन नावाचे खडक आहेत, तिथे जॉन स्मीटन या इंजिनिअरने १७५९ मध्ये जो दगडी दीपस्तंभ पूर्ण केला त्याचा आकार त्याने ओकच्या बुंध्यावरून घेतला होता, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा, आणि दगड एकमेकांत खाचा करून अडकवलेले. दिवा म्हणजे २४ मेणबत्त्या, बस. पुढे खालचा खडकच झिजायला लागला तेव्हा वरचा भाग उतरवून प्लिमथला जमिनीवर परत उभा केला, आणि बुंधा मात्र अजून समुद्रातच आहे, त्याच्या शेजारी १८८२ चा नवा दीपस्तंभ. तर चित्रात बुडाशी झाडासारखा पसरलेला, वर जाता जाता हलकीशी कंबर घेतलेला दीपस्तंभ दिसला की तो खोटा वाटत नाही, मुळांवर उभा आहे असं वाटतं. उलट पाइपसारखा सरळसोट काढलेला असेल तर कितीही मजेदार रंग भरा, तो भिंतीवर पाइपच दिसतो.

रंगाबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगेन, भिंत पांढरी किंवा फिकट असेल (बहुतेकदा असतेच) तर फिकट आकाशावर पांढरा दीपस्तंभ असलेलं चित्र घेऊ नका. लांबून तिथे नुसता एक धुरकट तुकडा दिसतो. आकाशाला वजन हवं, गडद निळं, मोहरीसारखं पिवळं, संध्याकाळचं जांभळट, मग पांढरा मनोरा पुढे येतो. आणि भिंतच गडद असेल तर उलटं करा. अजून एक, घरात पिवळसर दिवे असतील तर निळे रंग रात्री मळकट दिसतात, तेव्हा शक्य असेल तर छोटा नमुना छापून त्याच जागी, त्याच दिव्याखाली एकदा बघाच, स्क्रीनवरच्या निळ्यावर भरवसा नको.

प्रकाशाचा झोत कुठे जातोय तेही बघायचं. चिंचोळ्या चित्रात झोत कडेला कापला जाणारच, त्याला इलाज नाही, पण तो ज्या बाजूला कापला जातो ती बाजू मोकळी हवी. भिंतीच्या डावीकडे कोपरा आणि उजवीकडे पॅसेज असेल तर झोत उजवीकडे जाणारं चित्र घ्या, मग तो चित्राबाहेर पडून चालत येणाऱ्या माणसाकडे येतोय असं वाटतं, आणि तोच जर कोपऱ्यात आपटत असेल तर भिंत आहे त्याहून अरुंद वाटायला लागते. लहानशी गोष्ट आहे पण एकदा दिसायला लागली की दिसतच राहते.

आता मापं, इथे जरा दमाने वाचा. साधारण हिशोब असा की चित्राने भिंतीच्या रुंदीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग घ्यावा. म्हणजे दीड फुटाची, १८ इंचांची भिंत असेल तर १२ इंच रुंदीचं चित्र, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच श्वास घ्यायला. मोजताना दाराच्या चौकटीची पट्टी धरायची नाही, आतली मोकळी भिंत फक्त. उंची रुंदीच्या तिप्पट, १२ बाय ३६, हे प्रमाण दीपस्तंभाला फार छान बसतं. पण त्यासाठी चित्र मुळातच त्या प्रमाणात काढलेलं पाहिजे. २:३ प्रमाणातलं नेहमीचं उभं चित्र घेऊन त्याचं १:३ करायला गेलात तर बरोब्बर अर्धी रुंदी फेकावी लागते, मग पायथ्याची ती होडीही गेली आणि बाजूला उडणारा पक्षीही गेला.

आणि कॅनव्हासची खरी गोम कडांमध्ये आहे. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल करतात, तेव्हा चित्राचा काही भाग कडेवरून वळून मागे जातो. चौकट दीड इंच जाडीची असेल आणि तुमची फाइल नेमकी १२ बाय ३६ चीच असेल, तर चारही बाजूंनी दीड-दीड इंच कडेवर जाऊन समोर उरतं फक्त ९ बाय ३३. मोठ्या चित्रात हे खपून जातं, पण १२ इंचातले ३ इंच म्हणजे पाव रुंदीच गेली! त्यामुळे फाइल किमान १५ बाय ३९ ची द्यायची, मागे स्टेपलसाठी लागेल ते वेगळं, नाहीतर कडा एकाच रंगात ठेवायला सांगायचं, किंवा मिरर कडा, म्हणजे काठाजवळचाच भाग उलटा करून कडेवर छापतात आणि समोरचं चित्र शाबूत राहतं. आडव्या पट्ट्यांचा मनोरा काठाच्या अगदी जवळ असेल तर मिरर कडेवर तो डबल झाल्यासारखा दिसतो, तिथे आपली एकरंगी कडाच बरी. रिझोल्यूशनचं म्हणाल तर कॅनव्हासला मुळात पोत असतो म्हणून इंचाला १५० पिक्सेल पुरतात, म्हणजे समोरच्या १२ बाय ३६ साठी १८०० बाय ५४००.

कडांवर मी एवढी का अडले आहे? कारण पॅसेजमधली भिंत आपण समोरून जवळजवळ बघतच नाही. समोर उभं राहायला तेवढं अंतरच नसतं. चालत येताना ती तिरकी दिसते, आणि तिरकं बघताना आधी दिसते ती कॅनव्हासची कड, चित्र नंतर. म्हणून अशा जागी मला गडद निळी नाहीतर पट्ट्यांच्या लाल रंगाशी जुळणारी कड फार आवडते, लांबून नुसती एक रंगीत रेघ दिसते आणि दोन पावलं पुढे आलात की तिच्यातून दीपस्तंभ उघडतो. कॅनव्हासला काच नसते हेही इथे फायद्याचं, काचेच्या फ्रेममध्ये पॅसेजच्या टोकाची खिडकी किंवा ट्यूबलाइटच जास्त दिसते. मात्र पॅसेज अगदीच निमुळता असेल, दोन माणसं एकमेकांना वाट देताना खांदे घासत असतील, तर दीड इंचाची जाड चौकट नको, पाऊण इंचाची घ्या, नाहीतर येता-जाता पिशव्या लागून कोपरे लवकर काळे पडतात.

लावायची उंची. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे ५७ इंचांवर, हा चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या गॅलरीवाल्यांचा ठरलेला हिशोब. ३६ इंचांचं चित्र तसं लावलं की खालची कड ३९ इंचांवर येते आणि वरची ७५ वर, आणि दीपस्तंभाच्या चित्रात याचा एक सुंदर परिणाम होतो, दिवा असतो वरच्या भागात, म्हणजे तो बहुतेकांच्या नजरेच्या थोडा वर येतो आणि मान किंचित उचलूनच त्याच्याकडे बघावं लागतं. दीपस्तंभाकडे तसंच तर बघतात. पण घरात लहान मुलं असतील तर बिनधास्त अर्धा फूट खाली घ्या, पायथ्याची होडी आणि खिडकीतली मांजर हे त्यांच्यासाठीच असतं. जुना वर्तमानपत्राचा कागद त्याच मापाचा कापून आधी भिंतीवर टेपने चिकटवून ठेवा, दोन-चार दिवस त्याच्यासमोरून ये-जा करा, मग ड्रिलला हात लावा.

आणि खिळा एक नको, दोन हवेत. अरुंद उंच चित्र एका खिळ्यावर सारखं डुलतं, दार आपटलं की वाकडं, आणि बाजूलाच दाराची सरळ चौकट उभी असल्यामुळे अर्धा सेंटिमीटर तिरकं झालं तरी कळतं, त्यात आडवे पट्टे असतील तर विचारूच नका. लेव्हल नसेल तर दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा सोडा, उभ्या कडेला त्याच्याइतकं खरं काही सांगत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या छोट्या टिकल्या चिकटवा, चित्र सरकत नाही आणि मागे हवा खेळती राहते. ती हवा महत्त्वाची आहे, विशेषतः बाहेरच्या बाजूची ओल धरणारी भिंत असेल तर, कारण कॅनव्हास मागून ओल पितो आणि आधी बुरशी मागेच येते, पुढे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बाथरूममध्ये दीपस्तंभ शोभतो हे खरं, पण जिथे रोज वाफ भरते तिथे मी कॅनव्हास लावणार नाही, बाहेरच्या पॅसेजमध्ये लावेन.

भिंत खूपच उंच असेल, जिन्याजवळ असते तशी, तर एकावर एक तीन छोटी चित्रं लावण्यापेक्षा एकाच दीपस्तंभाचे तीन तुकडे बघा, खाली लाटा आणि खडक, मध्ये मनोऱ्याचं अंग, वर दिवा. मध्ये दोन इंचांच्या वर अंतर ठेवू नका, नाहीतर मनोरा तुटतो. तीन वेगवेगळे दीपस्तंभ एकाखाली एक मात्र मला आवडत नाहीत, प्रत्येकाला स्वतःचा समुद्र लागतो आणि तिघांचे समुद्र एकमेकांच्या डोक्यावर येतात. वेगवेगळेच हवे असतील तर जिन्याच्या चढाबरोबर तिरके लावा, एकाला वळसे, एकाला हिरे, एकाला आडवे पट्टे, मग चढताना एकेक किनारा लागत जातो.

सांभाळायला फार काही लागत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, ओलं फडकं अजिबात नाही, थेट ऊन नको कारण लाल रंग सगळ्यात आधी उडालेला दिसतो. काही दिवसांनी मधला भाग सैल पडल्यासारखा वाटला तर चित्र उतरवून मागे बघा, बऱ्याच चौकटींच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडाच्या छोट्या पाचरी असतात, त्या हातोडीने हलकेच आत ठोकल्या की कॅनव्हास परत ताणला जातो. चारही कोपऱ्यांत सारख्या ठोका, एकाच बाजूला जास्त झालं तर मनोरा तिरका दिसायला लागतो.