फॉक्सग्लोव्ह अपडेट: कोल्हा पक्का, पण झाडाचंच काही खरं नाही

फॉक्सग्लोव्ह (डिजिटॅलिस हे विषारी झाड) या इंग्रजी नावात 'फॉक्स' म्हणजे कोल्हा नाहीच, ते मुळात 'फोक्स ग्लोव्ह' म्हणजे लोकांचा, अर्थात पऱ्यांचा हातमोजा होतं, असं काही जण म्हणतात. हा वाद माझ्यापुरता मिटला, कोल्हाच खरा. ही टूम १८४७ मध्ये टॅलबटने काढली (तोच फोटोग्राफीवाला, आणि त्याचं मधलं नाव फॉक्स, घ्या!), मग १८६३ मध्ये प्रायर या वनस्पती-अभ्यासकाने हातमोजाही उडवला आणि तिथे 'ग्ल्यू' म्हणजे संगीत आणून बसवलं. पण जुन्या इंग्रजीत सरळ 'फॉक्सेस ग्लोफा' (कोल्ह्याचा हातमोजा) लिहिलंय आणि फोल्कची (म्हणजे लोक) षष्ठी 'फोल्केस' होते, त्यातला क गेला कुठे? विषय संपला.

आता खरं लचांड. बॉसवर्थ-टॉलर ही डिक्शनरी उघडली (फुकट आहे, आणि जुन्या इंग्रजीसाठी माझा पहिला भरवसा तिच्यावरच) तर तिने हर्बेरियमच्या (औषधी वनस्पतींचं जुन्या इंग्रजीत भाषांतर केलेलं पुस्तक) १४४व्या प्रकरणाकडे पाठवलं, आणि तिथे फॉक्सेस ग्लोफा हे कशाचं दुसरं नाव निघावं? 'ट्रिक्नोस मॅनिकोस'चं! म्हणजे ग्रीकांचं ते वेड लावणारं स्ट्रिक्नोस, आपल्या धोतऱ्याच्या गोतातलं काहीतरी. डिजिटॅलिसचा संबंधच नाही. डोकं धरून बसलो. त्यात हर्बेरियमच्या कॉकेनने काढलेल्या आवृत्तीचं जे स्कॅन हाताशी होतं त्याच्या ओसीआरने (छापील अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रत्येक थॉर्नचा (जुन्या इंग्रजीतलं þ हे अक्षर) पी करून ठेवलेला, त्यामुळे सर्च टाकून काही सापडेना, पानं डोळ्यांनीच चाळावी लागली.

माझा अंदाज असा की भाषांतर करणाऱ्याने ती भूमध्य समुद्राकडची वनस्पती आयुष्यात पाहिली नसणार, विषारी आहे एवढं कळलं आणि त्याने शेजारच्या विषारी झाडाचं नाव चिकटवून दिलं. पटतंय मला, पण सिद्ध कसं करायचं?

चाळताना एक घबाड मात्र लागलं. त्याच पुस्तकात 'फॉक्सेस फोट' (कोल्ह्याचा पाय) आहे, 'हुंडेस टुंगे' (कुत्र्याची जीभ) आहे, डोमकावळ्याचा पायपण आहे. म्हणजे प्राण्याचा अवयव नाहीतर वस्तू घेऊन झाडाला नाव द्यायची तिथे रीतच होती, आपल्याकडे गोकर्ण, उंदीरकानी आहेत तशी. उंदीरकानीत उंदीर कुठून आला असं कोणी विचारतं का?

म्हणून काउस्लिप या फुलझाडाच्या नावाचा विषय पुढे ढकलतोय (शेणाची गंमत नंतर), आधी अशा सगळ्या षष्ठीवाल्या नावांचा तक्ता करतो. खरंतर लिहिता लिहिता वाटतंय की नॉर्वेजियनपासूनच सुरुवात करावी, तिकडे याच झाडाला रेवेब्येल्ले म्हणतात, कोल्ह्याची घंटा, म्हणजे कोल्हा तिथेही हजर. जर्मन फिंगरहूट म्हणजे अंगुस्तान, त्यावरून १५४२ मध्ये डिजिटॅलिस नाव पाडलं फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि जर्मनमध्ये फुक्स म्हणजेही कोल्हाच, पण तो निव्वळ योगायोग, त्यावरून कृपया नवीन थिअरी काढू नका. रेवेब्येल्लेची जुन्यात जुनी नोंद कोणाकडे असेल तर टाका.