खाडीकाठचा बुरूज उभा करायचा तर आधी चुना भिजवा

ठाणे, घोडबंदर, बेलापूर. खाडीच्या काठाने असलेल्या या किल्ल्यांनी एकेकाळी हद्दी राखल्या. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि काम अपुरं असतानाच १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. आज तिथे कारागृह आहे, त्यामुळे श्रमदानाचा प्रश्नच येत नाही. बेलापूरला मात्र सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा चौघांच्या हातून गेलेल्या किल्ल्याचे अवशेष उघड्यावर पावसाळे सोसताहेत.

अशा जागी रविवारच्या श्रमदानातून डागडुजीचं काम करायचं तर जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आणि पुरातत्त्व खात्याचा सल्ला आधी घ्यावाच लागतो. कांदळवनाला हातही लावायचा नाही.

पण तारीख ठरते ती परवानगीवर नाही, चुन्यावर. डिसेंबरात दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायच्या असतील तर कळीचा (भाजलेला, न भिजवलेला) चुना दसऱ्यालाच भिजत पडला पाहिजे. विटांचं टाकं किंवा लोखंडी पिंप घ्यावं, प्लास्टिकचं नको, ते उष्णतेने वितळतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा नसेल त्याने टाक्याजवळ जाऊ नये. उकळी निवली की बारीक जाळीतून गाळायचा आणि किमान महिनाभर पाण्याखाली ठेवायचा. घाई केली तर न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि भरलेली दर्ज आतून फोडून काढतात.

माप घमेल्याने: चुना १, सुरखी (विटेची भुकटी) १, वाळू २. सुरखी मऊ भाजलेल्या विटेची हवी, जास्त भाजून काळी पडलेली वीट चुन्याशी धरत नाही. वाळू खाडीची अजिबात नको. तिच्यातलं मीठ भिंतीत शिरतं, दरवर्षी लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो आणि दगडाची पापडी सुटते. हिरड्याचं पाणी आणि गूळ जुन्या गवंड्यांच्या सांगण्याप्रमाणे घालावं, पण गूळ जास्त झाला तर चुना धरायला वेळ लावतो.

सिमेंटचं पोतं गडावर चढूच देऊ नका. ही तटबंदी म्हणजे दोन बाजूंना दगडी बांधणी आणि मधे चुन्या-मातीचा, कपच्यांचा भराव. पावसाचं पाणी आत जाणारच, ते चुन्याच्या दर्जांतून बाहेर येतं. सिमेंटने दर्जा बंद केल्या की पाणी भरावात साचतं, भिंतीला पोट येतं आणि एका पावसात सगळा दर्शनी भाग खाली येतो. बाहेरून कोरीकरकरीत दिसणारी भिंत अशी कोसळते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ती आपल्याच हातांनी मारलेली असते.

ढासळलेला दगड उचलण्याआधी जागेवरच फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग खडूने नंबर. घडीव कोपऱ्याचे आणि जंगीच्या (बंदुकीच्या मारगिरीसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकाच्या) कडेचे दगड वेगळे रचावेत. त्यांची जागा सापडली तरच बुरूज जसा होता तसा उभा राहतो, नाहीतर नुसता दगडांचा गोल होतो. पुरावा नसलेली उंची वाढवू नये.

पिंपळाचं मूळ ओढून काढायचं नाही. ते दोन दगडांमधे बोटभर फट उघडून बसलेलं असतं आणि ओढलं की दोन्ही दगड हलतात. खोड कापावं, बुंध्यात भोकं पाडून औषध भरावं, ते मरू द्यावं, मग पोकळीत पातळ चुना खालून वर भरत न्यावा.

दर्जा छिन्नीने हाताने उकरायच्या, ग्राइंडर नको. खोली रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. फट आधी भिजवायची, कोरडा दगड चुन्यातलं पाणी पिऊन टाकतो. खोल फट असेल तर कपच्या ठोकून थर देत भरावी. आत धरलं का हे बघायचं तर टोकाचा तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा (कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकावा. कडा पांढरी राहून मधला भाग गुलाबी झाला, तर आत अजून कच्चा चुनाच आहे.

खरी अडचण रविवारनंतर येते. पश्चिमेच्या उन्हात चुना दोन दिवसांत तडकतो. तागाची पोती लावून सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, किमान दोन आठवडे. सोमवार ते शनिवार कोण येणार याची नावांसकट यादी तयार नसेल, तर त्या रविवारी चुना कालवूच नये.