तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना विमान कशाला?

‘वर एवढे उपग्रह फिरताहेत, मग तुम्ही विमान घेऊन ढगात कशाला शिरता?’ हवेतले सूक्ष्म कण मोजते असं सांगितलं की पुढचा प्रश्न हा ठरलेला.

उपग्रहाला कण दिसत नाहीत, कणांवरून परतलेला प्रकाश दिसतो. बाकीचं ताडायचं. आग्नेय अटलांटिकचंच बघा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या वणव्यांचा धूर तिथल्या समुद्रावरच्या सखल ढगांच्या वरून वाहत जातो. दोघांमध्ये फट असली तर धूर ऊन शोषून आजूबाजूची हवा तापवतो. तो ढगाच्या माथ्याला टेकला, तर मात्र कण आत मिसळतात, त्यांच्यावर थेंब धरतात, आणि तेवढंच पाणी अधिक पण बारीक थेंबांत वाटलं जातं. असा ढग जास्त ऊन परतवतो.

म्हणजे सगळं अडतं त्या फटीवर, आणि वरून फसवी दिसते तीसुद्धा तीच. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाच्या लेसरची किरणं दाट धुरातून उतरता उतरता क्षीण व्हायची, त्यामुळे धुराचा तळ होता त्यापेक्षा वर भासायचा. नसलेली फट दिसायची! नासाच्या ओरॅकल्स मोहिमेत २०१६ ते २०१८ दरम्यान पी-३ विमान याच थरांमधून वर-खाली नेलं, ते काही हौसेनं नव्हे.

विमानही फसवतं, हे कबूल करते. सेकंदाला शंभरेक मीटर वेगानं जाताना बाहेरची हवा नळीतून आत घ्यायची, तर नळीच्या तोंडाशी तिचा वेग बाहेरच्याइतकाच ठेवावा लागतो. नाहीतर जड कण वळणाऱ्या हवेबरोबर वळत नाहीत आणि हिशेब बिघडतो. ढगात तर पंचाईतच. पहिल्या उड्डाणात ढगात शिरताच पडद्यावर कणांचा आकडा एकदम उसळला. मी हरखले. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं वहीतून मानही वर केली नाही. ‘थेंब आपटून फुटताहेत नळीवर. त्यांच्या चिंध्या मोजते आहेस तू.’

तेव्हापासून ढगातली मिनिटं मी त्या नळीच्या नोंदीतून खोडते. तिथे पंखाखालच्या उपकरणावर भिस्त: त्याच्या लेसरच्या झोतातून थेंब जातो, किती प्रकाश विखुरला त्यावरून त्याचा आकार कळतो. अर्थात काचेवर बर्फ धरला नसेल तर.